उत्तरेचा खांब

१६ नोव्हेंबर १९९७, रविवार

भाईदास मास्तर आज आमच्या दारात आले. चार वर्षांत पहिल्यांदा.

मायने आत बोलावलं. ते म्हणाले, "नको वहिनी, पाय मातीचे आहेत." त्यांचे पाय कायमच मातीचे असतात. मिलच्या लूमखात्यात मास्तर होते तेव्हाही सुटी झाली की सरळ मैदानावर. गिरणाई सोसायटीचं खो-खोचं मैदान गेली वीस वर्षं तेच राखतात. पाणी मारणं, रोलर फिरवणं, चुना आखणं, काटे वेचणं, सगळं.

"इंजिनेरबाई आहेत का?" हे माझ्याकडे बघत.

काम असं. सव्वीस जानेवारीला डिंडोली-उधन्यातल्या सोसायट्यांचे मुलींचे सामने आपल्या मैदानावर आहेत. मैदान खेळण्यायोग्य आहे असा तांत्रिक माणसाचा कागद आयोजकांना हवा आहे. कागद नाही तर सामने नाहीत, आणि सामने नाहीत तर अध्यक्ष योगराजभाऊ मैदान टेम्पो उभे करायला देणार.

"तू तपास आणि दोन ओळी लिही. माती तपासायच्या लॅबमध्ये आहेस, तुझ्या सहीला वजन आहे."

मी "बरं" म्हणाले. त्यांना नकाराची अपेक्षा असावी. "नक्की ना?" असं दोनदा विचारलं.

ताई आत साडीला टिकल्या चिकटवत होती, डावा पाय लांब करून. तिला तसंच बसावं लागतं. मास्तरांनी विचारलं, "कसं काय, वत्सला?" ती हसून म्हणाली, "चाललंय काका. माझं सोडा, मैदान जपा."

या माणसाशी ती हसून कशी बोलते, मला कळत नाही.

१२ डिसेंबर १९९३, अंतिम सामना. ताई उत्तरेच्या खांबाला वळसा घालत होती. माती आत गेली, पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. अंग वळलं, गुडघा वळला नाही. ती जिल्ह्याच्या संघात जाणार होती. मास्तर तेव्हा सगळ्यांसमोर एकच वाक्य बोलले: "मुलीचं लक्ष नव्हतं."

ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. आज ते बोलणारा माणूस स्वतः माझं माप मागायला आला.

१९ नोव्हेंबर

मी काय करणार ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मन बदललं तर दिसेल.

मैदानाची तपासणी नियमाप्रमाणे करायची. एकही खोटा आकडा लिहायचा नाही. उत्तरेच्या खांबाजवळ खड्डा घ्यायचा, जमिनीत काय आहे ते काढायचं आणि सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर वाचायचं. मास्तरांना तिथेच विचारायचं, लक्ष कोणाचं नव्हतं?

खोटं बोलून उट्टं काढणं सोपं आहे. मला खऱ्याने काढायचं आहे, म्हणजे त्यांना उत्तर उरणार नाही.

संध्याकाळी नानांना सांगितलं की मैदान तपासायचं काम घेतलंय. ते ताईच्या गुडघ्याला तेल लावत होते. रोज भेस्तानहून कामावरून आले की हात धुऊन आधी तेच. चार वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. माझं बोलणं ऐकून हात थांबला.

"आते कसाले?" म्हणाले. "जुनं शे ते. राहू दे."

नाना असेच. मुलीचा पाय गेला तरी मास्तरांना एका शब्दाने विचारलं नाही. उलट तेव्हापासून मैदानावरून जातच नाहीत. दुकानात जायचं तर पलीकडून वळसा घेतात. माझ्या घरात राग धरणारं एकही माणूस नाही. तेही मलाच करावं लागतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

लॅबमधून डंपी लेव्हल, म्हणजे चढउतार मोजायची दुर्बीण, आणि टेप आणला. मास्तर टेपचं दुसरं टोक धरायला सकाळी सातपासून हजर. चुन्याच्या रेघा कालच मारलेल्या, सुतासारख्या सरळ.

पृष्ठभाग उत्तम आहे, हे लिहावंच लागेल. पूर्ण लांबीत चढउतार दीड सेंटीमीटर. पाणी पूर्वेला निघून जातं. एक खडा नाही. मी सळई एक मीटरवरून सोडून बघितली. मधल्या पाटीत, खेळाडू ओळीने बसतात तिथे, चार सेंटीमीटर रुतली, दक्षिणेच्या खांबाजवळ साडेचार.

मास्तर म्हणाले, "नाव चंचल ठेवलंय आणि उभी राहते खांबासारखी. पोरींना शिकव जरा." बाजूला बायका हसल्या. मी आकडे लिहीत होते.

मग खांब मोजले. सोसायटीच्या जुन्या नकाशात उत्तरेचा खांब जिथे आहे तिथे तो नाही. एक मीटर ऐंशी सेंटीमीटर दक्षिणेला आहे. पूर्ण आखणीच तेवढी सरकवलेली. जुन्या खांबाची सिमेंटची बैठक मातीखाली सापडली. त्यामुळे दक्षिणेला खांबामागे कुंपणाची भिंत फार जवळ येते. नियमात बसत नाही.

"आखणी कधी सरकवली?"

"त्र्याण्णवच्या थंडीत."

"का?"

"उत्तरेला ऊन डोळ्यांवर येतं."

उत्तरेला ऊन डोळ्यांवर येत नाही. ते खोटं बोलले आणि मी ते वेळेसह लिहून घेतलं. ९.२०.

याचा अर्थ त्यांना माहीत होतं. तिथली जमीन पोकळ आहे हे माहीत असून त्यांनी खांब हलवला आणि बोट ताईकडे दाखवलं.

जुन्या बैठकीजवळ सळई सोडली. एकतीस सेंटीमीटर.

३० नोव्हेंबर, रविवार

तीन खड्डे घेतले. मध्य, दक्षिण, उत्तर. उत्तरेच्या खड्ड्यापाशी मास्तर म्हणाले, "इथे खणायचंच का?"

"खणायचंच."

"मग खण. कधीतरी खणायलाच हवं होतं."

वरचे बारा सेंटीमीटर काळी माती. त्याखाली सत्तावन्नपर्यंत राख. करडी, भुरभुरीत, अर्धवट जळलेल्या कोळशासकट. बॉयलरची राख. अशी राख पाणी मुरलं की बसते आणि वरच्या पापडाखाली पोकळी राहते. शाळेतल्या मुलालाही कळेल.

नमुने घेतले. पिशवी १ मध्यातली, २ दक्षिणेची, ३ उत्तरेची वीस सेंटीमीटरवरची, ४ उत्तरेची चाळीसवरची. चारमध्ये राखेने माखलेला, चेपलेला एक गोलसर पत्राही निघाला. तो तसाच पिशवीत टाकला. परक्या वस्तूची नोंद केली, साफ केला नाही. राख महत्त्वाची.

मास्तर खड्ड्यात बघत होते. चेहऱ्यावर भीती नव्हती. दमलेल्या माणसासारखे दिसत होते. मला बरं वाटलं.

७ डिसेंबर, रविवार

अहवाल लिहून झाला. दोन पानं. एकही विशेषण नाही.

नाना आज पूर्ण दिवस घरात होते. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "काय निघनं?" विचारलं.

"राख."

"कोन्ही टाकी ते समजस का?"

"मैदान ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. नाव मी सभेत घेणार आहे."

त्यांनी माझी फूटपट्टी उचलली, परत ठेवली. म्हणाले, "मास्तर वाईट मानूस नही शे, चंचल."

मला राग आला, मी अहवालाची पानं टाचली. दुसऱ्याच्या पायाखाली राख भरून मुलीवर बोट दाखवणारा वाईट नाही, मग वाईट कोण? नाना मायजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने मायचा आवाज आला, ती त्यांचा डबा घासत होती. "या डबाले एक झाकन तरी लई या. चार वरीस व्हयनात, ताटली ठीसन रुमालमा बांधस. मन्हा भाऊनी देयेल डबा, आनि झाकन मिलमा हरपाडी उना."

घरात इतकं मोठं काही चाललंय आणि मायला चार वर्षांपूर्वी मिलमध्ये हरवलेल्या झाकणाचं पडलंय.

२१ डिसेंबर, रविवार

झालं.

सभा मैदानावरच होती, संध्याकाळी सहाला. सतरंज्यांवर सगळे ओळीने बसले. साठेक माणसं असतील. नाना पहिल्या ओळीत, कडेला. ते मैदानावर आले हेच नवल. योगराजभाऊंनी मला उभं केलं. मी अहवाल वाचला आणि राखेची पिशवी उघडून कागदावर ओतली.

"त्र्याण्णवच्या डिसेंबरात इथे माझी बहीण पडली. तेव्हा मास्तर म्हणाले होते, मुलीचं लक्ष नव्हतं. मी त्यांना विचारते, ही राख त्यांच्या ताब्यातल्या मैदानात गेली की नाही?"

सगळे मास्तरांकडे वळले.

मास्तर उठले. "गेली."

"कोणी टाकली?"

ते ओळीच्या मागून हळूहळू चालत गेले आणि नानांच्या मागे थांबले. त्यांच्या पाठीवर पंजा ठेवला. पाचसहा सेकंद तरी. नाना मान खाली घालून बसलेले, हलले नाहीत. इतक्या लोकांत एका गरीब माणसाला असा धाक दाखवायचा, याची मला किळस आली.

मग मास्तर म्हणाले, "मीच टाकली. लिहून घ्या."

एकदम गलका झाला. इंदुबाई, जिची भाची सव्वीस जानेवारीला खेळणार आहे, ती ओरडली, "पोरींच्या जिवाशी खेळलास रे मेल्या!" कोणी म्हणालं, वीस वर्षं देव समजत होतो. मास्तरांनी कमरेची चावी काढून योगराजभाऊंच्या समोर ठेवली, चुन्याचा डबा उलटा करून झटकला आणि गेले. ६.४०.

ठरलं ते असं: सामन्यांआधी राख काढून मुरूम भरायचा, देखरेख माझी. चावीही माझ्याकडे.

मला आनंद झाला का? झाला. चार वर्षांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. नाना जेवले नाहीत. ताई पाठ करून झोपली.

२७ डिसेंबर

मैदान सहा दिवसांत बिघडलं. वरची माती वाळून भेगा पडल्या. कोणीतरी टेम्पो आणून उभा केला, चाकांच्या दोन खोल चाऱ्या. शेळ्या आल्या. गोखरूचे काटे कुठून आले कळत नाही; मास्तर असताना एक नव्हता. म्हणजे होते आणि ते रोज वेचत होते.

काल मी पाणी मारलं. दुपारी मारलं. आज पृष्ठभागाची पापडी सुटली. पाणी ऊन उतरल्यावरच मारायचं असतं, हे मला पुस्तकातून माहीत असायला हवं होतं.

मुली सरावाला आल्या. त्यातली उज्ज्वला म्हणाली, "चंचलदीदी, मास्तर पाहिजे होते यार. तमे तो खाली मापो छो."

ती गुजरातीत बोलली की टोमणा जास्त लागतो. तुम्ही नुसतं मोजता.

१ जानेवारी १९९८

लॅबमध्ये जुने नमुने टाकून द्यायला सांगितलं. पिशवी चार रिकामी केली. पत्रा फेकण्याआधी सवयीने नळाखाली धरला.

पत्रा नव्हता. स्टीलचं झाकण होतं, डब्याचं. राख धुतली गेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं निघाली.

'सुंदरास भेट. बळीराम. १९८१.'

सुंदरा माझी माय. बळीराम माझा मामा.

चाळीस सेंटीमीटरवर होतं. राखेच्या खाली नाही, वर नाही. राखेच्या आत. राख टाकली जात असतानाच ते पडलेलं आहे. याला दुसरा अर्थ नाही. मी तीन वेळा दुसरा अर्थ शोधला.

नाना ज्या मिलमध्ये आहेत तिथे बॉयलर आहे. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

२ जानेवारी

ताईला झाकण दाखवलं. तिने हातातली टिकली नीट जागेवर चिकटवली, मग बघितलं.

"सापडलं होय," म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"दवाखान्यातच सांगितलं नानांनी."

हे तिने सांगितलं, जसं सांगितलं तसं लिहिते. गटाराच्या चरामुळे उत्तरेच्या खांबाजवळ जमीन खचली होती. सामन्याआधी दोन दिवस मास्तर लग्नाला अमळनेरला गेलेले, तेव्हाच हे झालं. नानांना वाटलं, मुलीचा अंतिम सामना, खड्डा राहायला नको. मिलमधली राख फुकट मिळते. पाळी संपल्यावर हातगाडीने चौदा खेपा घातल्या. वरून माती पसरली, स्वतः रोलर ओढला. मैदान आरशासारखं केलं. ताईला सांगितलंही नाही, तिला खेळताना बघून खूश व्हायचं होतं.

"मास्तर सामन्याच्या सकाळी आले. वरून सगळं सपाट. त्यांनाही कळलं नाही. मी पडले तेव्हा नानांचं तोंड बघून कळलं. लोक विचारायला लागले, कोणी भरलं, कोणी भरलं. तेव्हा त्यांना सुचलं ते बोलले. मुलीचं लक्ष नव्हतं."

"तुझ्यावर ढकललं."

"माझ्यावर ढकललं तर मी मेले नसते. नाना गेले असते. तीन दिवस घरी नव्हते, आठवतं? तू समजत होतीस डबल पाळी. मास्तरांनी उधना स्टेशनावरून परत आणलं त्यांना. नंतर मीच म्हटलं, काका, गप्पच राहा. खणू पण नका, खणलं की निघेल. म्हणून त्यांनी खांब सरकवला."

"मला का नाही सांगितलं?"

ताई माझ्याकडे बघून हसली नाही. "तू माप काढत बसली असतीस. नानांचं किती, मास्तरांचं किती."

मी उठून बाहेर गेले. ती चुकीचं बोलली नाही म्हणून.

३ जानेवारी, शनिवार

रात्रभर एकच विचार केला. एकवीस तारखेला माझं माप चुकलं. आता बरोबर माणूस सापडला आहे. मग त्या दिवशी जे वाटलं ते आता वाटायला हवं.

ताईने माफ केलं हा तिचा प्रश्न. राख टाकली म्हणून माझा राग नाही. ती अज्ञानाने टाकली. पण एकवीस तारखेला साठ माणसांत पाठीवर हात पडला, आणि नाना उठले नाहीत. तो हात धाक नव्हता. मैदानावर, ओळीत बसलेल्या माणसाच्या मागून येऊन पाठीवर दिलेला हात कशासाठी असतो, हे खो-खो खेळणाऱ्या घरात वाढून मला कळलं नाही. नानांना कळलं होतं. तरी ते बसून राहिले आणि दुसऱ्याला बाद होऊ दिलं.

त्याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं.

झाकण हातोडीने हळूहळू ठोकून गोल केलं. सकाळी मायने डबा भरला तेव्हा ती ताटली काढून घेतली आणि झाकण लावलं. घट्ट बसलं. रुमाल बांधला. नाना डबा घेऊन गेले. 

संध्याकाळी डबा भरलेला परत आला. झाकण चकचकीत घासलेलं. नानांनी हात धुतले आणि ताईच्या गुडघ्याला तेल लावलं. माझ्याकडे बघितलं नाही.  

४ जानेवारी, रविवार

राख काढायला सकाळी घरटी एक माणूस यायचं ठरलं होतं. चाळीस आले, नाना त्यांत. मास्तरांना मी काल चिठ्ठी पाठवली होती: 'मैदानावर या. चंचल.' ते येऊन कुंपणाबाहेर उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. इंदुबाई त्यांना बघून थुंकली.

काम वाटून देण्यासाठी मी सगळ्यांना मधल्या पाटीवर ओळीने बसवलं. मग बोलायचं सोडून ओळीच्या मागून चालत गेले. मला घाई नव्हती. नानांच्या मागे थांबले. त्यांच्या सदऱ्याला मानेशी घामाचा डाग होता. लहानपणी त्या जागी डोकं ठेवून मी झोपत असे.

पाठीवर हात मारला आणि मोठ्याने म्हणाले, "खो."

दोनतीन पोरी हसल्या, त्यांना खेळ वाटला. नाना हलले नाहीत. मी हात काढला नाही. ते उठले नसते तर मी पुढे काय करणार होते, मी ठरवलेलं नव्हतं.

ते उठले. गुडघ्यांवर हात टेकून, हळूहळू.

"राख मी टाकेल व्हती," म्हणाले. "मास्तरनी नही. मन्ही पोर मन्हा हातखाले पडनी."

 इंदुबाई तोंडाला पदर लावून उभी. योगराजभाऊ चपलेने माती उकरत होते. तेवढ्यात कुंपणाबाहेरून मास्तरांचा आवाज आला:

"धुडकूभाऊ, खो दिला होता चौदा दिवसांपूर्वी. आत्ता उठतोस? पंच मी असतो तर फाउल धरला असता!"

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. नाना हसत हसत रडायला लागले, आणि कोपऱ्यातली कुदळ उचलून उत्तरेकडे चालू लागले. पहिला घाव त्यांनी घातला. दुपारपर्यंत सत्तावन्न सेंटीमीटर खाली गेलो. नानांनी कुदळ कोणालाच दिली नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सामने झाले. मुरूम पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या थरात भरला होता, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. उत्तरेचा खांब जुन्या जागी. सळई चार सेंटीमीटर. त्या खांबाला आज दिवसभरात किती वळसे पडले, ताईने मोजले. ती पंचांच्या टेबलाशी शिट्टी घेऊन बसली होती, पाय लांब करून. उज्ज्वलाने त्या खांबावर सूर मारला तेव्हा ताईने डोळे मिटले. मीही.

संध्याकाळी चावी घेऊन मास्तरांकडे गेले. घरातून निघताना माफीचं वाक्य तयार केलं होतं. तिथे ते आलं नाही.

"ही तुमची."

त्यांनी चावीकडे बघितलंसुद्धा नाही. चहा ओतत होते. "साठ माणसांत माझं नाक कापलंस. राग उतरला का तुझा?"

"नाही."

"कोणावर आहे आता?"

मी माझ्याच हातांकडे बघितलं. त्यांना ते दिसलं असावं.

"मग चावी ठेव तुझ्याकडे. रोज ऊन उतरल्यावर पाणी. सोमवारी रोलर. काटे वाकून वेचायचे, झाडूने नाही, झाडूने मोडतात नि टोक आत राहतं. वीस वर्षं."

"वीस?"

"मी केली तेवढी. तू सूड उगवलास, मीपण उगवतो. चहा घे."

चहात साखर जास्त होती. प्यायले.

परत येताना मैदानावर थांबले. पाणी: अकरा बादल्या. काटे: त्रेचाळीस, वाकून.